गाव सोडून शहरात आल्याने कॅन्सरचा धोका वाढतो का?

साताऱ्याहून घणसोलीला राहायला आलात आणि ही भीती वाटते, असं तुम्ही लिहिलंय. नुसत्या जागाबदलाने फारसं काही होत नाही, फरक पडतो तो मुख्यतः सवयींनी. जपानमधून हवाईत स्थायिक झालेल्यांचं उदाहरण अभ्यासकांना चांगलंच ठाऊक आहे: पुढच्या पिढ्यांत पोटाचा कॅन्सर कमी झाला, मोठ्या आतड्याचा आणि स्तनाचा वाढला. वंश तोच, खाणं-राहणं बदललं.

आपल्याकडे गावची एक सवय मात्र सोबतच येते. माझी आत्या तीस वर्षं कोपरखैरण्यात आहे. शेतातलं चालणं सुटलं, ज्वारीची भाकरी सणासुदीपुरती उरली, पण मिश्रीची डबी अजून ओट्यावर, चहाच्या डब्याला खेटून. तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास आला की माझ्या पोटात गोळा येतो. मिश्री ही दंतमंजन नाही हो, भाजलेली तंबाखूच आहे, आणि तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तंबाखू-चुन्यावर नाही.

म्हणून शहराला घाबरू नका. तंबाखू सोडा, रोज चाला, बाहेरचं तळलेलं आवरा. तिशीनंतर तोंडाची, आणि बायकांनी स्तन व गर्भाशयमुखाचीही, तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात करून घ्या. तोंडातला चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत बरी झाली नाही तर थांबू नका. खारघरला टाटा मेमोरियलचं केंद्र आहे, परळ गाठायलाच हवं असं नाही.

आत्याला गेल्या महिन्यात दाखवलं. गालाच्या आत पांढरा चट्टा निघाला, मिश्री बंद करायला सांगून डॉक्टरांनी पुन्हा बोलावलंय.