वाडी म्हणजे गाव का? 'गाव', 'मौजे', 'पाडा', 'तांडा' या शब्दांविषयी

समाजशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे: 'पाचवीतली एक मुलगी म्हणाली, आमची वाडी म्हणजे गाव का? भूगोलाच्या तासाला मी सांगितलं होतं की घरं एकत्र वसली की गाव होतं. नागरिकशास्त्राच्या तासाला सांगितलं की गावाचा कारभार ग्रामपंचायत पाहते. तिच्या वाडीत चाळीसेक घरं आहेत, देऊळ आहे, पण ग्रामपंचायत दुसऱ्याच नावाची आणि तीन किलोमीटर लांब. मग गाव, खेडं, वाडी, पाडा, मौजे यांत नेमका फरक काय?'

ताई, मुलीला आधी 'हो' म्हणा, मग बाकीचं सांगा. तिची अडचण खरी आहे, कारण 'गाव' या एकाच शब्दात आपण लोक, जमीन आणि कारभार या तिन्ही गोष्टी भरल्या आहेत, आणि त्यांच्या हद्दी जुळतातच असं नाही.

यातला सगळ्यात जुना अर्थ लोकांचा. 'गाव' आला संस्कृत 'ग्राम'वरून. आज ग्राम म्हटलं की ठिकाणच डोळ्यांपुढे येतं, पण वैदिक भाषेत ग्राम म्हणजे माणसांचा जथा, आणि तोही फिरता. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात च्यवन ऋषींच्या गोष्टीची सुरुवात आहे ती अशी की शर्यात हा मनुवंशी आपल्या 'ग्रामा'सह हिंडत होता आणि तिथे जवळच येऊन उतरला. गाव बरोबर घेऊन माणूस हिंडतोय! समूहाचा हा अर्थ पुरता गेलेला नाही. गीतेतला 'इंद्रियग्राम' म्हणजे इंद्रियांचा समूह, 'भूतग्राम' म्हणजे प्राण्यांचा. संगीतातला 'ग्राम' स्वरांचा. आणि 'संग्राम'? मुळात दोन जथे समोरासमोर येणं.

आपल्या रोजच्या बोलण्यातही तो आहे. 'सगळं गाव जमलं', 'गाव काय म्हणेल', 'गाव करी ते राव न करी'. यात कुठेही जमिनीचा संबंध नाही.

'तांडा' या शब्दाचा प्रवास मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. बैलांवर धान्य आणि मीठ लादून चालणारा बंजाऱ्यांचा काफिला म्हणजे तांडा. ती वाहतूक थांबली, लोक मराठवाड्यात, विदर्भात एका जागी राहू लागले, आणि तांडा हेच वस्तीचं नाव झालं. ग्रामचं जे हजारो वर्षांपूर्वी झालं तेच तांड्याचं जवळजवळ आपल्या डोळ्यांसमोर झालं. पत्त्यातलं 'मु.' सुद्धा आठवा: मुक्काम. आपण पिढ्यान् पिढ्या एका घरात राहतो आणि पत्त्यावर लिहितो मुक्काम.

जमिनीचं गाव मात्र सरकारी दप्तरात जन्माला आलं. 'मौजे' हा शब्द अरबी 'मौझा'वरून, म्हणजे जागा. जुन्या कागदांत बाजारपेठेचं ठिकाण ते 'कसबे' आणि बाजार नसलेलं ते 'मौजे'. आजही सातबारा हातात घेतला तर डोक्यावर 'गाव नमुना सात' असतं. महसूल कायद्याचं हे गाव म्हणजे शिवेच्या आतली सगळी जमीन: शेतं, गायरान, ओढा, आणि मध्ये घरांपुरतं गावठाण. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत 'गाव' या शब्दात शहरसुद्धा धरलेलं आहे. म्हणून पुण्यातल्या फ्लॅटच्या खरेदीखतावर 'मौजे कोथरूड' वाचायला मिळतं. उलट, एकही माणूस राहत नसलेली गावंही यादीत असतात. जनगणना हीच महसुली गावं मोजते. 2011 मध्ये राज्यात ती 43 हजारांहून जास्त भरली. ग्रामपंचायती मात्र 28 हजारांच्या आसपास, कारण लहान गावं एकत्र करून गट ग्रामपंचायत करतात. तुमच्या मुलीची वाडी बहुधा अशाच हिशेबात बसली असेल.

शेतकरी याच जमिनीला 'काळी' आणि 'पांढरी' म्हणतो. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. मातीच्या भिंती पडून, राख-शेण मिसळून शतकानुशतकं साचलेली ती माती खरोखरच फिकट दिसते, आणि पुरातत्त्वाचे लोक जुनी वस्ती शोधताना आजही गावकऱ्यांना 'पांढरी कुठे आहे' असं विचारतात. वर्गात हे जरूर सांगा.

घरं कशी वसतात हे प्रदेशागणिक बदलतं. देशावर घरं दाटीने, भोवती शेतं. कोकणात रस्त्याच्या किंवा किनाऱ्याच्या कडेने लांबलचक वाड्या, प्रत्येक घराला आवार. सातपुड्यात टेकडीटेकडीवर विखुरलेले पाडे. पालघर-नाशिककडचा पाडा गोंदिया-गडचिरोलीत टोला होतो. तेव्हा 'पाडा म्हणजे छोटं गाव' असं मुलांना पाठ करायला लावू नका. तो आकारापेक्षा प्रदेशाचा आणि समाजाचा शब्द आहे.

'खेडं' हा बाहेरून पाहणाऱ्याचा शब्द. सुट्टीत आपण 'गावाला' जातो, 'खेड्याला' कोणी जात नाही. 'खेडवळ' तर शिवीसारखाच वापरतात. पाठ शिकवताना शक्य तिथे 'गाव' म्हणा.

एक गोष्ट टाळून चालणार नाही. 'सगळं गाव' म्हणताना सगळे कधीच धरलेले नव्हते. गावकूस होतं आणि गावकुसाबाहेर माणसं होती. त्यांची कामं गावाला हवी होती, पाणवठा मात्र वेगळा. वस्त्यांना जातींची नावं त्यातूनच चिकटली. ती बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला.

आता कारभार. राज्यघटनेत 243 व्या कलमानुसार राज्यपाल अधिसूचनेने सांगतील ते गाव. पण आदिवासी भागांसाठी 1996 साली आलेला पेसा कायदा वेगळं बोलतो: वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथला समाज आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे आपला कारभार चालवतो, ते गाव. इथे नकाशाआधी माणसं आली, अगदी शतपथातल्यासारखी. महाराष्ट्राच्या 2014 च्या नियमांप्रमाणे अनुसूचित क्षेत्रातला, म्हणजे अशा आदिवासी भागातला, पाडा स्वतः ठराव करून गाव म्हणून घोषित होण्याची मागणी करू शकतो. गडचिरोलीतलं मेंढा हे गाव पूर्वी लेखा या ग्रामपंचायतीत मोडत होतं, पण 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे म्हणताना तिथल्या लोकांच्या मनातलं गाव मेंढा हेच होतं.

मुलांना आपापला पूर्ण पत्ता लिहायला सांगा: मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. मग घरच्या सातबाऱ्यावरचं गाव आणि घरपट्टीच्या पावतीवरची ग्रामपंचायत शेजारी लिहायला लावा. तिन्ही नावं एकच निघालेली मुलं किती, ते फळ्यावर मोजा. त्या मुलीची तीन वेगळी निघाली, तर बाकीच्यांना समजावून सांगायचं काम तिलाच द्या.