सस्क्वेहानासाठी रॉड आणि रीळ कोणतं घ्यावं?

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीहून हॅरिसबर्गजवळ कॅम्प हिलला राहायला आलो आहोत. माझं लहानपण देवगडकडे गेलं. खाडीवर हातानेच गरवायचो. तंगूस, गळ आणि शिसं, एवढंच सामान. रॉड कधी वापरला नाही. इथे सस्क्वेहाना नदीत स्मॉलमाउथ बास चांगला लागतो असं ऐकतो. दुकानात ‘बास’ म्हटल्यावर सात फुटी हेवी रॉड आणि त्यावर बेटकास्टर रीळ काढून दाखवलं. दोनशे डॉलरपर्यंत खर्च करायची तयारी आहे. बारा वर्षांचा मुलगाही बरोबर येईल. काय घेऊ?
– एक वाचक, कॅम्प हिल, पेनसिल्व्हेनिया

उत्तर : तो हेवी रॉड घेऊ नका. तो लार्जमाउथ बाससाठी आहे. तळ्यातल्या दाट शेवाळात जड आमिष टाकायचं आणि मासा हिसका देऊन बाहेर ओढायचा, हे त्याचं काम. आपली नदी वेगळी आहे. हॅरिसबर्गपाशी तिचं पात्र जवळजवळ मैलभर रुंद आहे, पण उन्हाळ्यात कितीतरी ठिकाणी पाणी गुडघ्यापासून कमरेपर्यंतच असतं. रॉकव्हिलच्या दगडी रेल्वेपुलाजवळ काठावरून बघा, खडकांच्या आडव्या रांगाच्या रांगा दिसतील. स्मॉलमाउथ त्या खडकांच्या मागे, जिथे जोराचं पाणी आणि संथ पाणी एकमेकांना घासून जातं तिथे उभा असतो आणि वाहत येणारे क्रेफिश (झिंग्यासारखे गोड्या पाण्यातले जीव) नि छोटे मासे उचलतो.

म्हणून आधी आमिष ठरवा, मग रॉड. इथे सगळ्यात जास्त चालतं ते साडेतीन इंची रबरी ट्यूब, आत एक अष्टमांश औंसाचं, म्हणजे साडेतीन ग्रॅमचं शिसं. पाणी चढलं की पाव औंस, फार तर तीन अष्टमांश. याहून जड शिसं दगडांच्या फटीत जाऊन बसतं आणि आमिष तुटतं. आता दुकानात रॉडच्या मुठीच्या वरची बारीक अक्षरं वाचा. तिथे किती वजनाचं आमिष चालेल ते औंसात छापलेलं असतं. एक अष्टमांश ते अर्धा औंस या दरम्यानचा आकडा दिसला की तो रॉड तुमच्या कामाचा. शेजारी ‘मीडियम’ किंवा ‘मीडियम लाइट’ आणि ‘फास्ट’ लिहिलेलं असेल. पहिला शब्द रॉड किती ताकदीचा ते सांगतो, दुसरा तो कुठून वाकतो ते. फास्ट म्हणजे वरचा भागच वाकतो, खालचा ताठ राहतो.

हा फास्ट रॉड मी तुम्हाला मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्ही हाताने गरवलेलं आहे. मासा आमिष चाचपतो ते बोटाला कसं कळतं हे तुम्हाला शिकवायला नको. स्मॉलमाउथ ट्यूब तोंडात घेतो तेव्हा पुष्कळदा हिसका बसतच नाही. दोरा नुसता जड होतो, किंवा प्रवाहाच्या उलट बाजूला सरकतो. मऊ रॉडमध्ये ही खबर हातापर्यंत येता येता विरून जाते. दुकानात रॉडला रीळ लावून मागा, तर्जनी दोऱ्यावर ठेवा आणि दुसऱ्या कुणाला टोकाजवळ दोरा हलकेच टिचकवायला सांगा. दोन-तीन रॉड असे धरून पाहिले की फरक तुमचा तुम्हालाच कळेल. रीळ लावल्यावर रॉड टोकाकडे जड लागतो का तेही पाहा. संध्याकाळभर पाण्यात उभं राहायचं तर तोल फार महत्त्वाचा.

लांबी : पाण्यात उतरून गरवणार असाल तर सात फूट. मधल्या वेगवान पाण्यावरून दोरा उचलून धरता येतो, तो वाहून जात नाही. कयाकमधून असेल तर साडेसहा पुरे. मुलालाही साडेसहा फुटी मीडियम लाइटच द्या, बाहुल्या छापलेला चार फुटी संच नको. तेवढ्या रॉडने नीट फेक जात नाही आणि मूल कंटाळतं.

रीळ स्पिनिंगचंच, म्हणजे रॉडच्या खाली लटकणारं, फेकताना ज्याचा स्पूल फिरत नाही ते. बेटकास्टर रॉडच्या वर बसतं आणि फेकताना त्याचा स्पूल फिरतो. त्यावरून साडेतीन ग्रॅम फेकणं सरावलेल्या हातालाही कठीण, आणि नवख्याचा अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो. माप शिमानो, दाइवामध्ये २५००. फ्लूगर त्याच मापाला ३० म्हणतं. बॉल बेअरिंग किती आहेत या आकड्याकडे लक्ष देऊ नका. ड्रॅग पाहा, म्हणजे माशाने जोरात ओढल्यावर दोरा सोडणारा रिळाचा ब्रेक. दोरा हाताने ओढला की अडखळत, झटके देत सुटतो की सलग? स्मॉलमाउथ पाण्याबाहेर उडी मारतो, मग एकदम प्रवाहात मुसंडी मारतो. अडखळणाऱ्या ड्रॅगवर दोरा त्याच क्षणी तुटतो. भारतात जाताना बॅगा तोलायचा तो हुकचा काटा घरात असेलच. दोरा त्याला बांधून ओढा आणि साधारण एक किलोला दोरा सुटायला लागेल असा ड्रॅग लावा. आठ पौंडी लीडरला, म्हणजे आमिषाजवळच्या दोऱ्याच्या तुकड्याला, तेवढा योग्य आहे.

दोरा : दहा पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, त्याच्या टोकाला लीडर म्हणून रॉडच्या लांबीएवढं आठ पौंडी फ्लुरोकार्बन (तंगुसासारखा एकेरी दोरा). ब्रेड ताणला जात नाही, त्यामुळे टिचकी लगेच कळते, पण दगडाच्या धारेवर पटकन कापला जातो; तो मार फ्लुरोकार्बनने खायचा. रिळावर आधी थोडा साधा तंगूस गुंडाळा, नाहीतर गुळगुळीत ब्रेड स्पूलवर नुसता फिरत राहतो.

पैसे असे लावा : शंभर-एकशेवीस रॉडला, साठ-सत्तर रिळाला, उरलेले दोऱ्याला. मुलाचा संच वेगळा धरा, तो स्वस्तातला चालेल.

आणखी एक, आणि हे मला फार मनापासून सांगायचं आहे. २००५ मध्ये या नदीत स्मॉलमाउथची पिल्लं रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली. त्यानंतर इथे नियम कडक झाले. ते पट्ट्यागणिक वेगळे आहेत, तेव्हा राज्याच्या मत्स्य आयोगाची चालू पुस्तिका वाचूनच जा. मी तर प्रत्येक मासा सोडतेच. फार हलका रॉड घेऊ नका असं म्हणते तेही त्याचसाठी. ऑगस्टच्या कोमट पाण्यात मासा खूप वेळ झुंजवला तर तो दमून मरतो, सोडला तरी. मीडियम रॉडने तो लवकर हाताशी येतो. वयाच्या सोळाव्या वर्षापासून लायसन्स लागतं, मुलाला नको. शहरातल्या डॉक स्ट्रीटच्या बुटक्या धरणाजवळ मात्र मुळीच जाऊ नका, खालूनही नाही आणि वरूनही नाही. वरून ते निरुपद्रवी दिसतं, पण खालचं पाणी माणसाला परत आत ओढतं. तिथे माणसं बुडाली आहेत.

प्रश्न : ताई, माझ्याकडे स्मॉलमाउथचा संच आहे. डिसेंबरात अलिबागला जातोय. तोच नेऊन खाडीत जिताडा गरवता येईल का?
– एक वाचक, व्हर्जिनिया

उत्तर : जिताड्यासाठी नको. कालवं चिकटलेले खडक आणि खारफुटीची मुळं आठ पौंडी लीडर क्षणात कापतील, आणि मोठा जिताडा त्या मुळांकडेच धावतो. त्याला मीडियम हेवी रॉड, ४००० चं रीळ, तीस पौंडी ब्रेड आणि चाळीस पौंडी लीडर हवा. तुमचा संच लहान तांबोशीला चालेल, वीस पौंडी लीडर लावून. रोज घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून रिळावर गोड्या पाण्याचा हलका शिडकावा द्या, पुसा, सावलीत वाळवा आणि ड्रॅग सैल करून ठेवा. दोरा ज्या छोट्या चाकावरून वळतो त्याला तेलाचा एक थेंब द्या. खाऱ्या पाण्यात आधी तेच अडकतं.