वाचकांचे प्रश्न : ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चे पहिले पर्व ब्लू-रेवर

प्रश्न : माझ्याकडे अंतराळयानाच्या सफरींवरील या अमेरिकी टीव्ही मालिकेच्या पहिल्या पर्वाचा 2002 मध्ये आलेला डीव्हीडी संच आहे. मोठ्या टीव्हीवर त्यातील चित्र धूसर दिसते आणि रंगही फिके वाटतात. मालिका मुळात 1987 ची असताना ब्लू-रेवर (डीव्हीडीपेक्षा जास्त तपशील मावणाऱ्या डिस्कवर) ती ‘एचडी’ कशी होऊ शकते? जुनेच चित्र ताणून मोठे करून पुन्हा विकण्याचा हा प्रकार तर नव्हे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली शंका रास्त आहे, कारण ताणून मोठ्या केलेल्या चित्राचे संच बाजारात येतच असतात, हा संच मात्र त्यातला नाही. ही मालिका कॅमेऱ्याने टेपवर नव्हे, तर 35 मिलिमीटर फिल्मवर टिपलेली होती, आणि चांगल्या प्रतीच्या 35 मिलिमीटर निगेटिव्हमध्ये आजच्या एचडी टीव्हीला पुरून उरेल इतका तपशील असतो. धूसरपणा आला तो पुढच्या टप्प्यावर. वेळ आणि पैसा वाचावा म्हणून निर्मात्यांनी चित्रित झालेली फिल्म व्हिडिओ टेपवर उतरवली, संकलन टेपवर केले, स्पेशल इफेक्ट्सचे थरही टेपवरच एकमेकांवर चढवले आणि प्रसारणासाठी तयार भाग टेपवरच ठेवला. अमेरिकेच्या तेव्हाच्या प्रसारण-मानकात चित्राच्या दिसणाऱ्या ओळी सुमारे 480 असत. आपल्या डीव्हीडीवर आहे ते त्या टेपवरचे चित्र. पूर्ण झालेल्या भागाची फिल्म कधी तयारच झाली नव्हती, त्यामुळे ‘मूळ प्रत काढून स्वच्छ करू’ म्हणण्याची सोय नव्हती.

मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीने जे केले ते म्हणूनच डागडुजीपेक्षा पुनर्संकलनाच्या जवळचे आहे. साठवून ठेवलेले निगेटिव्हचे हजारो डबे बाहेर काढण्यात आले, प्रत्येक भागासाठी वापरलेला नेमका टेक त्यांतून शोधण्यात आला, तो नव्याने स्कॅन करण्यात आला आणि 1987 मध्ये संकलकाने जिथे काप दिला होता तिथेच काप देत संपूर्ण भाग पुन्हा जुळवण्यात आला. एकेका दृश्याचे अनेक टेक असताना पडद्यावर दिसलेला टेक कोणता, हे जुन्या टेपशी ताडून ठरवणे किती कष्टाचे असेल याची कल्पना संकलनाच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही येईल. पहिल्या पर्वाचा संच 24 जुलै 2012 रोजी अमेरिकेत आला आणि सातवे पर्व यायला 2014 चा डिसेंबर उजाडला. आकड्यांत सांगायचे, तर डीव्हीडीच्या एका चित्रात सुमारे साडेतीन लाख बिंदू असतात, तर याच मालिकेच्या ब्लू-रेवरील चित्रात साडेपंधरा लाखांच्या आसपास. माझ्या मते मात्र खरा फरक रंगांत आहे; टेपवर एकमेकांत मिसळलेले गणवेशाचे लाल आणि मोहरी रंग इथे स्वच्छ वेगळे दिसतात. याची दुसरी बाजूही आहे. टेपवर दिसणार नाही या भरवशावर सेटवर केलेल्या तडजोडी, उदाहरणार्थ चकाकी लपवण्यासाठी चिकटवलेले काळे कागद, आता काही ठिकाणी उघड्या पडल्या आहेत. मला त्या बघायला आवडतात; सर्वांनाच आवडतील असे नाही.

प्रश्न : मग अंतराळयानाची दृश्ये संगणकावर नव्याने बनवली का? तसे असेल, तर ही जुनी मालिका राहिली असे कसे म्हणायचे? (एक वाचक, पुणे)

उत्तर : बहुतांश नाही, आणि या संचाची मोठी जमेची बाजू हीच आहे. ‘एंटरप्राइझ’ यानाची प्रतिकृती इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने घडवली होती आणि पहिल्या भागासाठी तिची दृश्येही तिथेच टिपली गेली; त्यांतली कित्येक दृश्ये पुढे वर्षानुवर्षे पुन्हा वापरली गेली. यंत्राने नियंत्रित कॅमेरा प्रतिकृतीपुढून अगदी त्याच मार्गाने अनेकदा फिरवला जाई : एकदा यानाचा पृष्ठभाग, एकदा खिडक्यांचे दिवे, एकदा इंजिनाचा प्रकाश. यातील प्रत्येक फेरी फिल्मवर होती. एकत्र जोडणी तेवढी टेपवर झाली होती. त्यामुळे मूळ फेऱ्या स्कॅन करून जोडणी नव्याने करता आली आणि पडद्यावर आजही तीच प्रतिकृती दिसते.

जे मुळातच व्हिडिओवर निर्माण झाले होते, म्हणजे शस्त्रांचे किरण, ट्रान्सपोर्टरची (माणसांना क्षणात दुसरीकडे पोहोचवणाऱ्या काल्पनिक यंत्राची) चमक, बरेचसे ग्रह, ते मात्र पुन्हा करण्यावाचून पर्याय नव्हता. पहिल्या पर्वातील स्फटिकरूपी महाकाय जीवही नव्याने संगणकावर घडवला आहे. मूळ मालिकेवर काम केलेले मायकेल आणि डेनिस ओकुडा हे दांपत्य सल्लागार असल्याने मूळ रचनेशी फारकत झालेली नाही. फिल्म सापडलीच नाही अशा मोजक्या जागी टेपवरचे चित्र मोठे करून घातले आहे. तिसऱ्या पर्वातील एका भागात असे सुमारे 13 सेकंद आहेत आणि तिथे चित्राचा दर्जा एकदम घसरलेला जाणवतो.

प्रश्न : एवढा खर्च करूनही टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या का ठेवल्या? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : कारण चित्राची चौकट 4:3 प्रमाणातच, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन अशी, योजलेली होती; आजचे टीव्ही त्याहून रुंद असतात. पडदा भरायचा, तर वरून आणि खालून चित्र कापावे लागते, म्हणजे कॅप्टन पिकार्डचे कपाळ तरी जाते किंवा टेबलावरचा चहाचा पेला तरी. निगेटिव्हच्या कडेला थोडे जास्त चित्र असते हे खरे, पण त्या जागेत दिवे, माइक आणि सेटच्या कडा येतात. पट्ट्या ठेवण्याचा निर्णय योग्यच होता, आणि टीव्हीच्या रिमोटवर चित्र रुंद करण्याचे जे बटण असते त्याला कृपया हात लावू नये.

प्रश्न : ‘स्टार ट्रेक’च्याच ‘डीप स्पेस नाइन’ या दुसऱ्या मालिकेचा असा संच का आला नाही? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पैसा. ती मालिकाही फिल्मवर टिपून टेपवर पूर्ण केलेली आहे, त्यामुळे तिच्यासाठी हाच सारा खटाटोप पुन्हा करावा लागेल. शिवाय तिच्या उत्तरार्धातील अनेक युद्धदृश्ये संगणकावर आणि त्या काळच्या कमी रेझोल्यूशनमध्ये बनली आहेत, म्हणजे स्कॅन करायला मागे फिल्मच नाही. डिस्कची विक्री उताराला लागलेली असताना असा खर्च करायला कंपनी धजावत नाही. तिच्यावरील 2019 च्या माहितीपटासाठी काही दृश्ये एचडीत आणली गेली होती. ती पाहून हळहळ वाढते एवढेच.

प्रश्न : अमेरिकेतील मुलीकडून पहिल्या पर्वाचा वापरलेला संच मागवायचा आहे. काय तपासावे? (एक वाचक, पणजी)

उत्तर : दोन गोष्टी. ब्लू-रेसाठी अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात मोडतो, तेव्हा वेष्टनामागील विभागाचे चिन्ह आणि आपला प्लेअर कोणते विभाग वाचतो हे आधी पाहावे. केवळ डीव्हीडी प्लेअर असेल, तर ब्लू-रे डिस्क त्यावर चालणारच नाही. दुसरी गोष्ट आवाजाची. या संचाच्या सुरुवातीच्या प्रतींत काही भागांच्या 7.1 (आठ वाहिन्यांच्या) ध्वनिपटातील पुढच्या स्पीकरांचे आवाज चुकीच्या वाहिन्यांवर गेले होते आणि कंपनीने ग्राहकांना त्या डिस्क बदलून दिल्या. वापरलेल्या संचात बदललेल्या डिस्क आहेत का, हे विक्रेत्याला पैसे देण्यापूर्वी विचारावे. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल, तर मात्र या दोषामुळे स्वस्त मिळणारा संच सोडण्याचे कारण नाही.