पळ म्हणजे सेकंद नव्हे

सांगलीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: कॉलेजच्या प्रकल्पासाठी मोबाइलवरचं स्टॉपवॉच मराठीत करतेय. सेकंदाला 'पळ' आणि मिलिसेकंदाला 'निमिष' म्हटलं तर चालेल का?

'पळ' नाही चालणार. बोलताना आपण 'पळभर थांब' म्हणतो तेव्हा कुणी मोजत नाही, हे खरं. पण पळ हे ठरलेलं माप आहे, 24 सेकंदांचं. शंभर मीटरला 12 सेकंद घेणारा धावपटू अर्ध्या पळात पल्याड पोचतो. तुमच्या पडद्यावर '12 पळे' आलं तर त्याला पावणेपाच मिनिटांहून जास्त लागली असा अर्थ होईल.

जुना हिशेब साठाचा. एका दिवस-रात्रीच्या 60 घटका, घटकेची 60 पळे, पळाची 60 विपळे. म्हणून घटका 24 मिनिटांची आणि विपळ 0.4 सेकंदाचं. उलट्या बाजूनं पाहिलं तर तासाच्या अडीच घटका, मिनिटाची अडीच पळे, सेकंदाची अडीच विपळे. तिन्ही पायऱ्यांवर अडीचच! ज्यांनी लहानपणी अडीचकी घोकलीय त्यांना कागद-पेन्सिल लागत नाही. आमच्या साताऱ्याहून सांगलीला एसटीनं तीनेक तास, म्हणजे साडेसात घटका, म्हणजेच एक प्रहर.

घटका मी डोळ्यांनी पाहिलीय. वाईला आजोळी तांब्याचं घटिकापात्र होतं, वाटीएवढं, बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक. आजोबा ते घंगाळात पाण्यावर सोडायचे. भोकातून पाणी बारीक धारेनं वर यायचं, वाटी हळूहळू जड व्हायची, काठ पाण्याला टेकला की 'बुडुक्' करून तळाशी. मी घड्याळ लावून बसले होते, साडेतेवीस मिनिटं भरली. 'घटका भरली' हा वाक्प्रचार अक्षरशः त्या वाटीतला आहे. आणि वाटी बुडाली की ज्या धातूच्या थाळीवर टोला द्यायचे तिचं नाव 'तास'. तेच नाव पुढे 60 मिनिटांना चिकटलं.

विपळ तर मला सगळ्यात लाडकं. भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी'त काळ अक्षरांनी मोजलाय: दहा गुरू अक्षरं उच्चारायला लागतो तो एक प्राण, सहा प्राणांचं एक पळ. म्हणजे एका गुरू अक्षराला 0.4 सेकंद. सावकाश 'का' म्हणा, एक विपळ झालं.

आता निमिष, म्हणजे पापणी लवण्याचा वेळ; संस्कृतात निमेष. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात 18 निमेषांची काष्ठा, 30 काष्ठांची कला, 30 कलांचा क्षण आणि 12 क्षणांचा मुहूर्त. मुहूर्त दोन घटकांचा, 48 मिनिटांचा. तेव्हा 'क्षण' निघतो चक्क चार मिनिटांचा आणि निमेष साधारण 15 मिलिसेकंदांचा. खरी पापणी लवायलासुद्धा याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. एका मिलिसेकंदाला 'निमिष' म्हणणं त्यामुळे पंधरा पटींनी चुकेल. शिवाय दुसऱ्या ग्रंथांत निमेषाचं माप वेगळं सापडतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढेल.

त्याखाली उतरलं की जुने शब्द ओढूनताणून आणू नयेत असं माझं ठाम मत आहे. 'मिलिसेकंद' मराठीत रुळलाय. समजवायचं असेल तर 'सेकंदाचा सहस्रांश' म्हणा, मायक्रोसेकंदाला 'दशलक्षांश', नॅनोसेकंदाला 'अब्जांश'. अब्जांश केवढा, तर तेवढ्यात प्रकाश कंपासपेटीबाहेरच्या मोठ्या पट्टीएवढा, 30 सेंटिमीटर, पुढे सरकतो.

पडद्यावर 'से.' आणि 'मि.से.' ठेवा. हौस म्हणून खाली घटका-पळे-विपळे दाखवणार असाल तर 24 सेकंद झाले की पळाचा आकडा एकानं वाढवा आणि विपळांचा शून्यावर आणा.