हॅम्पडन क्रॉमवेलचा कोण? चुलतभाऊ, मामेभाऊ की आतेभाऊ

सतराव्या शतकातील इंग्लंडचा जमीनदार आणि संसदपटू जॉन हॅम्पडन याला एका लेखात राजाविरुद्ध लढलेला संसदेचा सेनानी ऑलिव्हर क्रॉमवेल याचा ‘चुलतभाऊ’ आणि दुसऱ्यात ‘मामेभाऊ’ म्हटले आहे, तेव्हा यांतले बरोबर कोणते, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. दोन्ही चूक आहेत. हॅम्पडन हा क्रॉमवेलचा आतेभाऊ.

हॅम्पडनची आई एलिझाबेथ ही हिंचिनब्रुकच्या सर हेन्री क्रॉमवेल यांची मुलगी आणि ऑलिव्हरचे वडील रॉबर्ट हे तिचे भाऊ. म्हणजे ऑलिव्हरच्या बाजूने हॅम्पडन आत्याचा मुलगा, तर हॅम्पडनच्या बाजूने ऑलिव्हर मामाचा मुलगा. चुलत आणि मावस ही नाती दोन्हीकडून सारखीच सांगता येतात. आते आणि मामे मात्र बाजू बदलताच उलटतात, आणि ‘कझिन’चे भाषांतर करताना नेमके हेच निसटते. ‘चुलतभाऊ’ तर अधिकच दिशाभूल करतो, कारण तो शब्द वाचताच आपण एक आडनाव, एक कुळ आणि वडिलोपार्जित जमिनीतली वाटणी गृहीत धरतो. बकिंगहॅमशरमधील हॅम्पडन घराण्याची मालमत्ता जॉनच्या वाट्याला आली ती वडील विल्यम १५९७ मध्ये वारले तेव्हा, तो अगदी लहान असताना. तिच्यात क्रॉमवेलांचा हिस्सा असण्याचे कारणच नव्हते.

या एकाच गोतावळ्यात आपले बाकीचे शब्दही लागतात. कवी एडमंड वॉलर याची आई ॲन ही विल्यम हॅम्पडन यांची बहीण, म्हणून वॉलर हा जॉनचा आतेभाऊ. पहिल्या चार्ल्स राजाच्या मृत्युदंडाच्या आदेशावर पुढे सही करणाऱ्या एडवर्ड व्हॉलीची आई फ्रान्सिस ही जॉनच्या आईची, एलिझाबेथची, बहीण, म्हणून तो जॉनचा मावसभाऊ. स्टोक मॅंडेव्हिल येथील जमिनीवर आकारलेली २० शिलिंगांची जहाजपट्टी, म्हणजे आरमारासाठी राजाने बसवलेला कर, हॅम्पडनने नाकारली, तेव्हा त्याच्यावर खटला होऊन १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने आणि ५ त्याच्या बाजूने गेले. त्या खटल्यात त्याची बाजू मांडणाऱ्या ऑलिव्हर सेंट जॉनने १६३८ मध्ये ज्या एलिझाबेथ क्रॉमवेलशी लग्न केले, ती क्रॉमवेलची चुलतबहीण आणि हॅम्पडनची मामेबहीण होती. आपल्याकडे अनेक समाजांत मामेबहिणीशी लग्न चालते आणि चुलतबहिणीशी चालत नाही, त्यामुळे हा भेद मराठी माणसाला केवळ कोशातला वाटत नाही.

मला मराठी शब्द इथे मोलाचे वाटतात ते आणखी एका कारणासाठी. राजाविरुद्ध उभ्या राहिलेल्या या माणसांना जोडणारे धागे आया आणि आत्यांमधून गेलेले आहेत. ‘कझिन’मध्ये त्या बायका दिसत नाहीत, ‘आतेभाऊ’ आणि ‘मावसभाऊ’ या शब्दांत त्या प्रथमच येतात.

तेव्हा ‘हॅम्पडन हा क्रॉमवेलचा आतेभाऊ’ असे लिहावे, आणि वाक्य क्रॉमवेलविषयी असेल तर ‘क्रॉमवेल हा हॅम्पडनचा मामेभाऊ’ असे. आईवडिलांची नावे हाती नसतील तिथे ‘जवळचा नातलग’ म्हणून थांबावे, पण अंदाजाने ‘चुलत’ लिहू नये.