झाडावरच्या माणसाला खाली कोण आणणार?

पावसाळ्याआधीच्या छाटणीची घाई सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषयही बदलतो. खते आणि कीड मागे पडतात, फांद्या, शिड्या आणि करवती पुढे येतात. या वेळी त्यांतील चार पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आमच्या आवारात एक जुना पर्जन्यवृक्ष आणि दोन गुलमोहर आहेत. वाहनतळावर झुकलेल्या फांद्या कमी करण्यास महापालिकेची परवानगी मिळाली आहे. एका कंत्राटदाराने 9,000 रुपये सांगितले, दुसऱ्याने 26,000. छाटायच्या फांद्या त्याच, मग जवळजवळ तिप्पट पैसे कशाचे, असे सभासद विचारतात. (सचिव, गृहनिर्माण संस्था, पुणे)

उत्तर : सभासदांचा प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर हेल्मेटात शोधू नये, कारण हेल्मेट बाजारातून आणून कोणीही डोक्यावर ठेवू शकतो. मी कंत्राटदाराला आधी एकच गोष्ट विचारतो : आपला माणूस वर असताना करवत लागून जखमी झाला, त्याला भोवळ आली किंवा मधमाश्यांनी घेरले, तर त्याला खाली कोण आणणार? ‘अग्निशमन दलाला बोलावू’ हे उत्तर पुरेसे नाही. बंब फाटकातून आत येऊन शिडी फांदीपर्यंत पोहोचेपर्यंत जो वेळ जातो, तेवढा वेळ त्या माणसाजवळ नसतो. चढण्याच्या पट्ट्यात (हार्नेसमध्ये) निश्चल लटकलेल्या माणसाचे रक्त पायांत साठू लागते आणि काही मिनिटांतच प्रकृती गंभीर होऊ शकते. जखम वाहत असेल तर विचारायलाच नको. नीट काम करणाऱ्या टोळीत म्हणूनच चढू शकणारा दुसरा माणूस खाली असतो. तो फांद्या ओढत असला तरी चढण्याचा पट्टा त्याच्या अंगावर असतो, दुसरा दोर तयार असतो, आणि सहकाऱ्याला उतरवण्याचा सराव त्याने केलेला असतो. त्या माणसाला त्याच वेळी शेजारच्या संस्थेतील झाडावर चढवून दुसरी कमाई करता येत नाही. दरातील फरकाचा मोठा वाटा तिथे जातो.

दुसरी गोष्ट बांधणीची. कमरेला एक नायलॉनचा दोर गुंडाळून चढलेला माणूस घसरला तर तो दोर बरगड्यांपर्यंत सरकून श्वास कोंडतो, आणि करवतीचा एक चुकीचा फटका तोच दोर तोडतो. वर करवत चालवताना चढणाऱ्याने स्वतःला दोन स्वतंत्र ठिकाणी बांधलेले असावे : एक मुख्य दोर वरच्या भक्कम फाट्यावरून आलेला आणि दुसरा आखूड दोर खोडाभोवती घेतलेला, म्हणजे एक तुटला तरी दुसरा धरतो. मोठी फांदी वाहनांवर पडू नये म्हणून ती दोराने बांधून हळूहळू खाली सोडतात. तो दोर वेगळा असतो. माणसाचा दोर ओझ्याला वापरला तर तो माणसासाठी कायमचा बाद समजावा.

झाडाच्या दृष्टीनेही फरक पडतो. पर्जन्यवृक्षाच्या फांद्या आडव्या आणि जड असतात. अशी फांदी वरून सरळ कापत गेले तर ती अर्ध्यावर मोडते आणि जाताना खोडाची साल सोलत नेते. म्हणून खोडापासून हात-दीड हात अंतरावर आधी खालून थोडा काप घेतात, मग त्याच्या किंचित बाहेर वरून कापून फांदी पाडतात, आणि उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढतात. हा तिसरा काप फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या लगेच बाहेर हवा. फुगवटा कापला की जखम भरून येण्याची झाडाची सोयच नाहीशी होते. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग फासण्याची गरज नाही. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि झाड कुजका भाग आतल्या आत वेगळा कोंडते, लेप लावून कूज थांबत नाही, हे दाखवून दिले. पायाला लोखंडी काटे बांधून चढणारा कंत्राटदार छाटणीसाठी नाकारावा. काटे पाडायच्या झाडाला चालतात. जगवायच्या झाडाला त्यांची प्रत्येक टोच ही नवी जखम असते.

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांना 1975 चा वृक्ष संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे आणि त्यात झाड ‘तोडणे’ या शब्दात झाडाला इजा करणेही येते. तेव्हा परवानगीपत्रात नसलेली फांदी ‘आलोच आहोत तर’ म्हणून कापू देऊ नये. कामगारांच्या अपघात विम्याची प्रत काम सुरू होण्याआधी मागून घ्यावी.

प्रश्न : मी दहा वर्षे सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो. दोर, हार्नेस, हेल्मेट, कॅराबिनर (दोर अडकवण्याच्या उघडमिट कड्या) सगळे माझ्याजवळ आहे. मित्राच्या मळ्यातील झाडे या साहित्यावर छाटून देता येतील का? (नाशिक)

उत्तर : दोरावर विश्वास ठेवण्याची आपल्याला सवय आहे, ती मोलाची आहे, परंतु साहित्य बहुतांशी चुकीचे आहे. कड्यावर आरोहक पडणार हे गृहीत धरून दोर ताणला जाणारा बनवतात, म्हणजे पडण्याचा झटका तो शोषून घेतो. झाडावर माणूस दिवसभर दोरावर भार टाकून काम करतो. ताणणाऱ्या दोरावर तो वरखाली हेलकावत राहील आणि हातात चालू करवत असताना हा हेलकावाच जीवघेणा ठरेल. झाडासाठी कमी ताणणारा, साधारण 11 ते 13 मिलिमीटर जाडीचा दोर घेतात. आपल्या हार्नेसला पुढे एकच कडे असेल; झाडावर आखूड दोर खोडाभोवती घेऊन दोन्ही हात मोकळे ठेवायचे असल्याने नितंबाच्या दोन्ही बाजूंना कडी लागतात, शिवाय तासन्‌तास बसता येईल असे रुंद पट्टेही लागतात. कॅराबिनर स्क्रूचे असतील तर फांद्यांच्या घर्षणाने ते उघडू शकतात. आपोआप बंद होणारे आणि उघडण्यासाठी तीन वेगळ्या हालचाली लागणारे वापरावेत.

हेल्मेटाबाबत एक बारकावा फार कमी जणांना ठाऊक असतो. बांधकामावरच्या, म्हणजे युरोपीय ईएन 397 मानकाच्या हेल्मेटाची हनुवटीची पट्टी ठरावीक ओढीला सुटावी अशीच रचना असते, कारण हेल्मेट कुठे अडकले तर गळा आवळू नये. गिर्यारोहणाच्या ईएन 12492 हेल्मेटाची पट्टी मात्र पडताना हेल्मेट डोक्यावर राहावे म्हणून अधिक ओढ सहन करते. चढणाऱ्याला ही दुसरी हवी, त्यामुळे आपले हेल्मेट चालेल. फक्त त्याला कानांचे आच्छादन आणि जाळीचा पडदा बसतो का, हे पाहावे. चेनसॉचा, म्हणजे यंत्रावर फिरणाऱ्या साखळीच्या करवतीचा, आवाज 100 डेसिबलच्या वर जातो.

प्रश्न : माझे माळीकाम चालते. चेनसॉ विकत घेऊन मोठ्या झाडांची कामे घ्यावीत असे वाटते. प्रशिक्षण कसे घ्यावे? (कोल्हापूर)

उत्तर : आधी करवत घेऊ नका. ब्रिटनमध्ये या धंद्याची प्रमाणपत्रे ज्या क्रमाने घेतात, तो क्रमच पुष्कळ शिकवतो. पहिल्यांदा जमिनीवर उभे राहून करवतीची देखभाल आणि पडलेले लाकूड कापणे, मग लहान झाडे पाडणे, त्यानंतर करवतीशिवाय झाडावर चढणे आणि त्याच टप्प्यात वर अडकलेल्या माणसाला उतरवणे, आणि हे सगळे झाल्यावरच दोरावरून करवत चालवणे. सुटका आधी, करवत नंतर. आपल्याकडे हे सगळे एका छताखाली मिळणे कठीण असले तरी क्रम तोच ठेवता येतो : अनुभवी टोळीबरोबर निदान एक हंगाम खाली काम करावे, प्रथमोपचाराचा वर्ग करावा, दोरकाम एखाद्या गिर्यारोहण संस्थेत शिकावे. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ आर्बोरिकल्चरची वृक्षतज्ज्ञाची परीक्षा पुढे देता येईल, पण ती झाडांविषयीच्या ज्ञानाची लेखी परीक्षा आहे; ती उत्तीर्ण झाल्याने चढता येते असे होत नाही.

करवत हाती येईल तेव्हा तिच्या पात्याच्या टोकाचा वरचा चतुर्थांश लक्षात ठेवा. तो भाग लाकडाला टेकला की पाते क्षणार्धात उलटून चेहऱ्याकडे येते. साखळीचा ब्रेक त्यासाठीच असतो आणि तो रोज काम सुरू करताना तपासावा लागतो. दोन्ही हातांनी, पुढच्या मुठीभोवती अंगठा पूर्ण वळवूनच धरावी. वर नेण्याची छोटी, वरच्या मुठीची करवत हलकी असल्याने एका हाताने चालवण्याचा मोह होतो. माझ्या डाव्या मनगटावरचा व्रण त्याच मोहाचा आहे. चेनसॉ चालवताना घालायची पँट नुसत्या जाडजूड कापडाची नसते, तर आत लांब तंतूंचे थर असतात. साखळी लागली की ते ओढले जाऊन करवतीच्या चक्रात गुंततात आणि तिला थांबवतात. जमिनीवर पुढच्या बाजूचे संरक्षण पुरते, चढणाऱ्याला मात्र पायाच्या सर्व बाजूंनी संरक्षण देणारी पँट घ्यावी लागते. एकदा साखळी लागलेली पँट शिवून वापरू नये.

प्रश्न : आमच्याकडे पाडेली (माडावर चढून नारळ काढणारे) मिळेनासे झाले आहेत. माडावर चढायचे यंत्र घेऊन घरच्याच माणसाने नारळ काढावेत का? (रत्नागिरी)

उत्तर : काढावेत, परंतु यंत्र पार्सलने मागवून त्याच दिवशी नव्हे. नारळ विकास मंडळाने 2011 पासून याच यंत्रांवर चढण्याचे सहा दिवसांचे वर्ग घेतले; सहा दिवस लागतात, याचाच अर्थ लक्षात घ्यावा. माड वर निमुळता होत जातो, त्यामुळे खाली घट्ट बसलेला यंत्राचा तारेचा फास वर सैल पडतो आणि तो चढता चढता आवळत न्यावा लागतो. यंत्राखेरीज कमरेचा वेगळा पट्टा खोडाभोवती हवाच. ओल्या, शेवाळलेल्या माडावर चढू नये. शेजारून विजेची तार जात असेल तर अॅल्युमिनियमच्या काठीने नारळ पाडण्याचा विचारही करू नये. आधी महावितरणच्या कार्यालयात अर्ज देऊन वीजपुरवठा बंद करून घ्यावा, आणि तो बंद झाल्याचे त्यांच्या वायरमनने जागेवर येऊन सांगितल्यावरच पाय यंत्रात घालावा.