धर्मगुरू नसताना जपानमधले ख्रिस्ती सव्वादोनशे वर्षं कसे टिकले?

मुख्य कारण म्हणजे बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्याचा विधी. कॅथलिक शिकवणीनुसार अडचणीच्या वेळी तो कोणीही देऊ शकतो, धर्मगुरूच लागतो असं नाही. 1614 च्या देशव्यापी बंदीनंतर मिशनरी हाकलले गेले, मारले गेले. 1644 नंतर तिथे एकही धर्मगुरू उरला नाही. (वसईचे संत गोन्सालो गार्सिया त्याआधीच, 1597 मध्ये, नागासाकीत क्रुसावर मारले गेले होते.)

मग गावकऱ्यांनी कामं वाटून घेतली. नागासाकीजवळच्या उराकामीत एक जण सणवारांची दिनदर्शिका सांभाळायचा, एक बाप्तिस्मा द्यायचा, एक घरोघरी निरोप पोहोचवायचा. एखादा पकडला गेला तरी बाकीचं काम चालू राहायचं. कडेवर बाळ घेतलेल्या कान्नोन या बौद्ध देवीच्या मूर्तीपुढे येशूची आई मारिया हिची प्रार्थना व्हायची.

खरी कसोटी 'फुमिए'ची: येशू किंवा मारियेच्या प्रतिमेवर अधिकाऱ्यांसमोर पाय ठेवायचा. नकार दिला तर अटक आणि छळ. बहुतेक जण पाय ठेवत आणि घरी येऊन पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. याला भ्याडपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. पुढच्या पिढीपर्यंत श्रद्धा पोहोचली ती यांच्यामुळेच.

किंमतही मोजावी लागली. प्रार्थना तोंडपाठ चालत आल्या, त्यामुळे लॅटिन-पोर्तुगीज शब्द झिजले, अर्थ हरवला. 1865 मध्ये उराकामीचे लोक नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये फ्रेंच धर्मगुरूंपुढे प्रकट झाले, पण छळ तिथे थांबला नाही. उराकामीच्या सुमारे 3,400 जणांना हद्दपार केलं गेलं, सहाशेहून अधिक दगावले. बंदीचे फलक 1873 मध्ये उतरले, तरी इकित्सुकी बेटावरच्या अनेकांनी चर्चमध्ये न जाता वाडवडिलांचीच रीत चालू ठेवली.